आकडा कोणत्या प्रकारचा? लखनौची हरवलेली आणि कुलाब्याची सापडलेली विदा

आजची लखनौ छावणी दिलकुशा कोठीच्या अवशेषांच्या परिसरात वसलेली आहे. १८५७ पूर्वी छावणी शहराच्या दुसऱ्या अंगाला, उत्तरेकडे मडियांव येथे होती. ३० मे १८५७ रोजी लखनौतील उठावाला तिथूनच सुरुवात झाली आणि बंडाचा बीमोड झाल्यावर इंग्रजांनी छावणी दिलकुशाकडे हलवली. मार्च १८५८ मध्ये कॉलिन कॅम्पबेलच्या फौजांनी याच दिलकुशाच्या बाजूने शहरात मुसंडी मारली आणि १४ मार्चला कैसरबाग घेतली. त्या कैसरबागेच्या लगत एक पांढरी, स्तंभांची इमारत उभी होती. लोक तिला तारेवाली कोठी म्हणत. ती अवधच्या नवाबाची वेधशाळा होती.

नवाब नसिरुद्दीन हैदर (कारकीर्द १८२७ ते १८३७) यांच्या काळात या वेधशाळेची योजना आखली गेली. प्रथम नेमलेले कॅप्टन हर्बर्ट १८३३ मध्येच वारले. त्यांच्या जागी आले रिचर्ड विलकॉक्स. ते मुळात सर्वेक्षक होते, आसामातील दुर्गम मोहिमांसाठी नाव मिळवलेले. लंडनच्या ट्रॉटन अँड सिम्स या कारखान्यातून ग्रीनिचच्या तोडीची उपकरणे मागवली गेली: भिंतीवर बसवायचे म्युरल सर्कल, ट्रान्झिट दुर्बीण, विषुववृत्तीय दुर्बीण. १८४१ च्या सुमारास नियमित निरीक्षणे सुरू झाली. कमालुद्दीन हैदर यांच्याकडे इंग्रजी शास्त्रग्रंथ उर्दूत आणण्याचे काम होते; म्हणजे तारे मोजणे आणि ते ज्ञान देशी भाषेत उतरवणे अशी दोन्ही कामे एका छताखाली चालली होती. १८४८ मध्ये विलकॉक्स वारले. पुढच्याच वर्षी वाजिद अली शाह यांनी वेधशाळा बंद केली.

त्यानंतरची कथा थोडकी आहे. उपकरणे १८५७ च्या धामधुमीत नाहीशी झाली. त्या काळात फैजाबादचे मौलवी अहमदुल्ला शाह यांचे ठाणे याच कोठीत होते. निरीक्षणांच्या कागदांपैकी काही त्याआधीच कसर-वाळवीने खाल्ले होते असे सांगितले जाते. उरलेले उठावात गेले. निरीक्षणांची संपूर्ण मालिका कधीच छापली गेली नाही. कोठीत आज स्टेट बँक आहे.

लखनौची ही हानी बहुधा वाळवीच्या खात्यावर टाकली जाते. परंतु जरा वेगळा प्रश्न विचारून पाहावा. वाळवीने एक पान सोडले असते, आणि त्यावर नुसत्या आकड्यांचे सहा रकाने असते, तर त्यातून काय कळले असते? पहिल्या रकान्यातील वेळ नाक्षत्र की सौर? उंचीच्या कोनातून वातावरणीय वक्रीभवनाची दुरुस्ती वजा केली आहे की कोन यंत्रावर वाचला तसाच उतरवला आहे? शेवटच्या रकान्यातील ८४ हा फॅरनहाइट तापमानाचा आकडा की निरीक्षणाचा अनुक्रमांक? निरीक्षकाला हे सारे ठाऊक असते, म्हणूनच तो ते लिहीत नाही. आकडा आणि आकड्याचा प्रकार या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि दुसरी नोंद हरवली तर पहिली शाबूत असूनही मुकी होते.

या विधानाची कसोटी पाहायची तर लखनौहून मुंबईला यावे लागते.

मुंबईच्या कुलाब्यात ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली. तिचा मूळ हेतू जहाजांसाठी अचूक वेळ ठेवणे आणि खगोलीय निरीक्षणे हा होता. १८४१ मध्ये आर्थर ऑर्लेबार यांनी तिथे भूचुंबकीय निरीक्षणे सुरू केली आणि १८४६ पासून ती अखंडपणे नोंदली जाऊ लागली. बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी येथेच निरीक्षकाचे काम केले आणि पुढे, १८६० मध्ये, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. मराठीतील आधुनिक गणिताची एक वाट या वेधशाळेच्या अंगणातून निघते, हे फारसे सांगितले जात नाही.

कुलाबा एका मोठ्या जाळ्याचा भाग होता. गटिंगनच्या कार्ल फ्रीडरिख गाऊस यांनी १८३० च्या दशकात पृथ्वीचे चुंबकत्व एकाच वेळी अनेक ठिकाणी मोजण्याची मोहीम उभारली होती आणि तिच्यासाठी गटिंगनची स्थानिक वेळ सर्वांनी पाळावी असा संकेत ठरला होता. मुंबईची स्थानिक वेळ गटिंगनच्या सुमारे चार तास अकरा मिनिटे पुढे आहे. नोंदवहीच्या माथ्यावर ‘गटिंगन’ हा शब्द आहे की नाही, यावर एखाद्या वादळाची सुरुवात पहाटे झाली की सकाळी, हे ठरते.

एककांची गंमत याहून मोठी आहे. चुंबकीय क्षेत्राची तीव्रता गाऊस मिलिमीटर, मिलिग्रॅम आणि सेकंद यांत मांडत. ब्रिटिश वेधशाळा फूट, ग्रेन आणि सेकंद यांत. पहिल्या पद्धतीचे एक एकक आजच्या १०,००० नॅनोटेस्लाएवढे, तर दुसऱ्या पद्धतीचे सुमारे ४,६११ नॅनोटेस्लाएवढे. मुंबईच्या क्षेत्राचा आडवा घटक ३७,००० नॅनोटेस्ला धरला, तर तोच घटक एका वहीत ३.७० आणि दुसऱ्या वहीत ८.०२ असा दिसेल. दोन्ही बरोबर. माथ्यावरचे एकक पुसले गेले, की दोन्ही निरुपयोगी.

कुलाब्याचे सुदैव असे की तिथली निरीक्षणे वार्षिक ग्रंथांत छापली गेली, आणि त्यांत आकड्यांबरोबर उपकरणाचे वर्णन, मापपट्टीच्या एका भागाची किंमत आणि तापमानाची दुरुस्तीही नोंदलेली होती. या शिस्तीचा कळस नानाभाई मूस यांच्या हातून झाला. १८९६ मध्ये ते वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार हे दिसू लागताच त्यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्याची तजवीज केली, कारण ट्रामच्या प्रवाहाने मुंबईतील सूक्ष्म मोजमाप अशक्य झाले असते. अलिबागची इमारत अचुंबकीय सामग्रीने बांधली गेली. आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग येथे एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली. दोन मालिका जोडताना सांधा कुठे आहे आणि त्याची किंमत किती, हे पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून केलेला हा खटाटोप होता. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची कुलाब्याची चुंबकीय विदा दोन भागांत प्रसिद्ध केली. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात या ग्रंथाला मिळायला हवा तेवढा मान अजून मिळालेला नाही.

आता त्या आकड्यांकडे वळू, ज्यांमुळे कुलाबा जगभर पोहोचला.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक तेजस्वी उद्रेक पाहिला. अठरा तासही उलटले नाहीत तोच पृथ्वीवर प्रचंड भूचुंबकीय वादळ आले. तारायंत्रे बंद पडली आणि ध्रुवीय प्रकाश उष्ण कटिबंधापर्यंत दिसला. उंच अक्षांशांवरील अनेक वेधशाळांच्या नोंदी मापपट्टीबाहेर गेल्या. कुलाब्यात मात्र माणूस डोळ्यांनी यंत्र वाचत होता. एरवी दर तासाला, आणि हालचाल वाढली की अधूनमधून, कमी अंतराने, तो वाचन टिपत होता. २ सप्टेंबरच्या सकाळी, मुंबईत अकरा वाजून गेल्यावर, आडवा घटक कोसळला.

ही नोंद जवळजवळ दीड शतक छापील पानांत पडून होती. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरुबक्ष लखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी ती उकलून प्रसिद्ध केली. घसरण सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची होती. तुलनेसाठी: मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीज नऊ तास घालवणाऱ्या वादळाची ‘डीएसटी’ निर्देशांकावरील खोली ५८९ होती. म्हणजे १८५९ चे वादळ जवळपास तिप्पट? वीजजाळी, उपग्रह आणि विमा यांचा विचार करणाऱ्यांनी हा आकडा उचलला.

इथेच आकड्याच्या प्रकाराचा प्रश्न परत आला. डीएसटी हा निर्देशांक अनेक वेधशाळांच्या ताशी सरासरीवरून काढतात. कुलाब्याचा आकडा मात्र क्षणिक वाचनाचा होता, आणि तोही एकाच ठिकाणचा. ताशी सरासरी आणि क्षणिक वाचन ही दोन्ही नॅनोटेस्लातच असतात, दोन्ही दशांश संख्या असतात, संगणकाच्या दृष्टीने दोन्हींचा प्रकार एकच. तरी ती एकमेकांशेजारी ठेवून वजाबाकी करणे म्हणजे दिवसाच्या सर्वोच्च तापमानातून महिन्याचे सरासरी तापमान वजा करणे. २००६ मध्ये सिस्को, क्रूकर आणि क्लॉअर यांनी कुलाब्याच्या नोंदींची ताशी सरासरी काढली. ती सुमारे उणे ८५० भरली. शतकातील सर्वांत गाजलेल्या वादळाचे मोजलेले बळ जवळजवळ निम्म्यावर आले, आणि त्यासाठी एकही नवा आकडा लागला नाही.

२०२२ मध्ये हिसाशी हायाकावा आणि सहकाऱ्यांनी १८५९ चे कुलाब्याचे मूळ वार्षिक शोधून काढले. त्यात ताशी मोजमापे आणि क्षणिक मोजमापे अशी दोन वेगळी कोष्टके आहेत. ती एकमेकांशी जुळत नाहीत! वादळाच्या शिखरावर एकात उणे १,६९१ आणि दुसऱ्यात उणे १,२६३ नॅनोटेस्ला. चारशेहून अधिक नॅनोटेस्लाचा हा फरक एखाद्या स्वतंत्र मोठ्या वादळाएवढा आहे. त्यांच्या गणितातून डीएसटीच्या जवळ जाणारे तीन पर्याय निघाले: उणे ९१८, उणे ९४९ आणि उणे ९७९. जोवर कोष्टकांना वेगवेगळी शीर्षके होती तोवर ही विसंगती दिसू तरी शकली. कोणी मध्येच दोन्ही एकत्र करून ‘कुलाबा, १८५९’ अशी एक सपाट फाइल केली असती, तर विसंगतीच अदृश्य झाली असती.

विसाव्या शतकात विदा कागदावरून फाइलींत गेली आणि जुना प्रश्न नव्या वेशात पुढे आला. भूचुंबकीय वेधशाळांसाठी आज वापरात असलेला ‘आयएजीए-२००२’ हा मजकुराचा साचा या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. फाइलीच्या सुरुवातीला माहितीच्या ठरीव ओळी असतात: वेधशाळेचे नाव, अक्षांश, रेखांश, कोणते घटक नोंदले आहेत. त्यांत दोन ओळी विशेष. एकीत विदेचा प्रकार लिहितात, म्हणजे आकडे तात्पुरते आहेत की अंतिम. दुसरीत कालांतराचा प्रकार लिहितात: मिनिटाची सरासरी आहे का, आणि ती कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंतची. २००३ ते २००६ चा सारा वाद या एका ओळीत मिटला असता.

याच साच्यात नोंद उपलब्ध नसेल तर ९९९९९ लिहायचे असा संकेत आहे. तो माहीत नसलेल्या विद्यार्थ्याने चोवीस ताशी मूल्यांची सरासरी काढली, त्यांतील तेवीस मूल्ये ३८,००० ची आणि एक गहाळ असेल, तर उत्तर येईल सुमारे ४०,५८३. एका रिकाम्या जागेने २,५८३ नॅनोटेस्लाचे ‘वादळ’ उभे केले, कॅरिंग्टनच्या वादळापेक्षा मोठे. आज्ञावली कुठेही अडखळणार नाही, कारण ९९९९९ ही तिच्या लेखी अगदी कायदेशीर संख्या आहे.

म्हणून प्रश्न असा होतो: प्रकार लिहिला खरा, पण तो शोधणाऱ्याला सापडतो का? कुलाब्याच्या ग्रंथांत तो प्रस्तावनेत होता. सॉफ्टवेअरच्या जगात त्याची जागा दस्तऐवजांच्या शोधसूचीत आहे, आणि या सूचीचा स्वतःचा एक छोटा इतिहास आहे.

१९७० च्या दशकातील युनिक्सच्या छापील मार्गदर्शिकांची सूची नावांची होती: आज्ञेचे नाव आणि एका ओळीत तिचे काम. फंक्शनला काय द्यायचे आणि ते काय परत करते, हे पान उघडल्यावरच कळे. नाव माहीत नसेल तर पान तरी कसे उघडणार? १९८९ मध्ये या अडचणीवर एक सुंदर तोड निघाली. स्वीडनमध्ये मिकाएल रित्री आणि इंग्लंडमध्ये कॉलिन रन्सिमन व इयान टॉइन यांनी जवळजवळ एकाच वेळी सुचवले की फंक्शन नावाने न शोधता प्रकाराने शोधावे. ‘संख्यांची यादी घेऊन एक संख्या देणारे काही आहे का?’ असे सूचीला विचारावे, आणि तिने बेरीज, कमाल, किमान अशी सारी उमेदवार फंक्शने पुढे ठेवावीत. पुढे नील मिचेल यांच्या ‘हूगल’ने हास्केल भाषेच्या वापरकर्त्यांना हे रोजचे साधन करून दिले. नाव विसरले तरी वस्तूचा आकार आठवतो, या साध्या निरीक्षणावर ते उभे आहे.

पायथनची वाट वेगळी. २००८ मध्ये गेऑर्ग ब्रांडल यांनी ‘स्फिंक्स’ हे दस्तऐवज रचण्याचे साधन प्रसिद्ध केले आणि पायथनची अधिकृत मार्गदर्शिका त्यावर आली. स्फिंक्स प्रत्येक प्रकल्पासाठी एक छोटी यादी-फाइल तयार करतो. तिच्या प्रत्येक ओळीत नाव, ते नाव कोणत्या जातीचे आहे (वर्ग, फंक्शन, गुणधर्म की विदा), शोधातील प्राधान्य आणि पत्ता असतो. एका प्रकल्पाचे दस्तऐवज दुसऱ्याच्या नावांशी जोडले जातात ते या यादीच्या बळावर. भौतिकशास्त्राचे विद्यार्थी रोज ज्या खिडकीत शब्द टाकून शोधतात, तिच्यामागे नावे आणि त्यांच्या जाती यांची अशी नोंद असते.

मात्र या सूचींत जो प्रकार नोंदला जातो तो बहुतेक वेळा यंत्राचा असतो: पूर्णांक, दशांश, अक्षरमाला, सारणी. कुलाब्याचा ३.७० आणि ८.०२ हे दोन्ही तिथे ‘दशांश’ म्हणून शेजारी बसतील. क्षणिक वाचन आणि ताशी सरासरी यांतही तिला फरक दिसणार नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झाले, ते याच फटीतून. जमिनीवरील एका आज्ञावलीने लहान इंजिनांचा आवेग पौंड-सेकंदांत लिहिला आणि पुढच्या आज्ञावलीने तो न्यूटन-सेकंद समजून वाचला. फरक सुमारे ४.४५ पटींचा. काय एकक असावे हे ठरवणारा दस्तऐवज अस्तित्वात होता आणि तो बरोबर होता. पण आकड्यांबरोबर तो प्रवास करत नव्हता.

गेल्या काही वर्षांतील प्रयत्न ही फट बुजवण्याचे आहेत. खगोलशास्त्रातील ‘अ‍ॅस्ट्रोपाय’मध्ये संख्येला एकक चिकटवूनच ठेवता येते, फंक्शनला कोणत्या एककाची राशी हवी हे त्याच्या व्याख्येतच लिहिता येते आणि चुकीची राशी आली तर ते थांबते. सूर्य आणि भूचुंबकत्व यांच्या विदेसाठी ‘हॅपी’ नावाचा प्रमाण संकेत आहे. त्यात प्रत्येक राशीसाठी प्रकार, एकक आणि गहाळ नोंदीसाठी वापरायची खूण जाहीर करावी लागते. आणि आणखी एक जागा ठेवलेली आहे: वेळेचा शिक्का मोजमापाच्या कालावधीच्या सुरुवातीचा, मध्याचा की शेवटाचा? ही जागा भरणे ऐच्छिक आहे. ती ऐच्छिक असावी की नाही, यावर कुलाब्याच्या पानांशी झगडलेल्या संशोधकांचे मत सहज कल्पिता येते.

मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथे आकाश लाल झाले. दोन दशकांतील ते सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ होते. डीएसटी उणे ४०० च्या आसपास गेला. अलिबागच्या यंत्रांनी ते टिपले. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य-एल१ तेव्हा सूर्य आणि पृथ्वी यांच्या दरम्यान आपल्या जागी पोहोचलेले होते. या यानाची विदा ज्या फाइलींत दिली जाते, त्यांच्या माथ्यावर संख्येचा प्रकार आणि एकक लिहिण्यासाठी रकाने असतात.

१८५९ च्या वार्षिकातील दोन कोष्टकांचा मेळ मात्र अजून बसलेला नाही. उणे १,६९१ आणि उणे १,२६३ यांपैकी कोणत्या आकड्यावर अधिक विश्वास ठेवावा, हे ठरवण्यासाठी संशोधक पुन्हा त्या वाचकाकडेच वळतात: २ सप्टेंबरच्या सकाळी कुलाब्यात यंत्रापुढे बसलेला, वाढत्या घाईत दोन वेगवेगळ्या रकान्यांत आकडे भरणारा.